स्विफ्ट डिझेल, १ लाख १२ हजार किमी: शॉकअप बदलायचेत, ओरिजनलच टाकू की दुसरं काही?

धायरीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

गाडी २०१३ ची स्विफ्ट व्हीडीआय, सेकंडहँड घेतलेली, माझ्याकडे सहा वर्षं आहे, मीटर १ लाख १२ हजार. हल्ली रोज धायरी ते चाकण एमआयडीसी, येऊन-जाऊन साधारण ८५ किमी, म्हणजे नवले पूल, चांदणी चौक, वाकड आणि मग नाशिक फाट्यापासून मोशीच्या पुढे जे काय आहे ते, ज्यांना माहितीय त्यांना माहितीय. महिन्यातून एकदा गावाला, चिपळूणजवळ, कुंभार्ली घाटातून. तेव्हा मागे आई, बायको, दोन पोरं आणि डिकीत तांदूळ, नारळ, जे मावेल ते.

तक्रार अशी की बारीक खड्ड्यांवर पुढून खटखट येतो, मोठ्या खड्ड्यात गेली की धाडकन आपटते, आणि बायपासला ८०-९० च्या स्पीडला पुलाच्या जॉइंटवरून गेलं की होडीसारखी दोन-तीनदा वर-खाली होते मग शांत होते. आई म्हणते घाटात पोटात ढवळतं, आधी असं नव्हतं. गॅरेजवाल्याने बोनेटवर वजन टाकून गाडी दाबली, सोडली, म्हणाला चारही शॉकअप गेलेत, सगळं मिळून २६ हजार. दुसरा म्हणाला मागचे कशाला, फक्त पुढचे दोन टाका. तिसरा म्हणतो नवीन घेऊच नका, रिपेअर करून देतो, ८०० ला एक, सहा महिने गॅरंटी. आणि ऑफिसातला एक पोरगा मागे लागलाय की खर्च करतोच आहेस तर बिलस्टीन (महागडे शॉकअप) आणि लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारी) घाल, गाडी रुळावरून चालल्यासारखी चालेल.

बजेट ताणून ३०. गाडी अजून तीन-चार वर्षं तरी ठेवायचीय. गॅब्रिएल, मनरो, केवायबी, की कंपनीच्या डब्यातलेच? डोकं बंद पडलंय.

पोलोवाला

बिलस्टीन +१. माझ्या पोलोत बी६ आहेत तीन वर्षं, कोपऱ्यात गाडी अशी चिकटते की काय सांगू. सोबत १६ चे अलॉय आणि १९५/५५ टायर टाका, वेगळीच गाडी वाटेल. मात्र लोअरिंग करणार असाल तर बी६ नाही बी८ लागतात, त्यांचा स्ट्रोक (रॉडची वर-खाली हालचाल) आखूड असतो.

मिस्त्री_शिरोली

आवो थांबा जरा. आधी एक सांगा, टायरमधी हवा किती मारता?

आनि खटखट कधी येतो ते नीट ऐकून सांगा. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवरून गेली तरी येतो, का एकच चाक खड्ड्यात गेल्यावर येतो? हितं लई फरक हाय. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बॅलन्सर रॉडला (डावं-उजवं चाक जोडणारी आडवी सळई) पीळच पडत न्हाई, एकच गेलं की पडतो. म्हंजी एकाच चाकाला आवाज असंल तर लिंक रॉड (त्या सळईला जोडणारा बारका दांडा) न्हाईतर बॅलन्सरचे बुश (रबरं), शॉकअपचा काय संबंध न्हाई. मी ३१ वर्षं गाड्या उघडतोय, शॉकअप गेला म्हणून आलेल्या दहा गाड्यांत चार-पाचांचा शॉकअप बरा असतो आनि भलतंच रबर फाटलेलं असतं.

धायरीकर

काका हवा ४० मारतो. पंपावरचा म्हणतो टाइट बरी, अ‍ॅव्हरेज मिळतं.

मिस्त्री_शिरोली

झालं का. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर हाय त्यावर लिवलंय ती हवा मारा, सकाळी गाडी थंड असताना. दोन दिवस चालवा मग बोलू.

पिस्टनराव

काकांशी सहमत, आणि माझ्याकडून थोडं लांबण लावतो कारण पोटापाण्याचा धंदाच हा आहे (शॉक अ‍ॅबसॉर्बरमध्येच नोकरी, चाकणलाच, कंपनीचं नाव नको).

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त स्प्रिंगला नाचू देत नाही. आत तेल असतं, पिस्टनच्या बारीक व्हॉल्व्हमधून ते ढकललं जातं आणि हालचालीची ताकद उष्णता होऊन निघून जाते, घाटातून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा, कोमट लागेल. त्यामुळे "नवीन शॉकअप टाकल्यावर गाडी उंच होईल" हे डोक्यातून काढा. बसली असेल तर स्प्रिंग बसलीय.

आता तुमच्या तीन तक्रारी वेगवेगळ्या बघा. पुलाच्या जॉइंटवर होडी होते, तो शॉकअप संपल्याचा जवळजवळ पुरावा आहे, चांगला शॉकअप एका हेलकाव्यात गाडी धरतो. बोनेट दाबून बघण्यापेक्षा हे जास्त खरं, कारण दाबून फक्त अगदी मेलेला शॉकअप कळतो, अर्धमेला पास होऊन जातो. धाडकन आपटतं त्याचा अर्थ बहुतेक बंप स्टॉपचा (शॉकअप पूर्ण दबला की झटका झेलणारं रबर) चुरा झालाय, दहा-अकरा वर्षांत होतोच. आणि खटखट हे रबरांचं आणि सांध्यांचं काम, तिथे काका सांगतील तसं. ४० हवेमुळे यातलं सगळंच वाढतं, टायर दगडासारखा झाला की बारीकसारीक झटका तो गिळतच नाही, थेट वर पाठवतो.

टायरवरून हात फिरवा. शॉकअप गेल्यावर चाक रस्त्यावर टप्पे खातं आणि टायर लाटालाटांनी झिजतो, हाताला कळतं, डोळ्याला पटकन दिसत नाही.

रत्नांग्रीकर

मागची गाडी बसत असेल तर स्प्रिंगच्या वेटोळ्यात रबरी बफर मिळतात ते घाला की. मी घातलेत, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरल्या तरी गाडी बसत नाही. हजार-बाराशेत काम.

पिस्टनराव

@रत्नांग्रीकर, बफर घातला की त्या वेटोळ्याचं काम बंद, उरलेली स्प्रिंग कडक होते. कडक स्प्रिंग जास्त जोरात उसळी मारते आणि ती आवरायची कुणी, त्याच थकलेल्या शॉकअपने. यांचा शॉकअप आधीच गेलाय, बफर म्हणजे आजाऱ्याच्या डोक्यावर पाटी.

रत्नांग्रीकर

ते तुमचं पुस्तकातलं असेल हो. माझ्या पेट्या काही पुस्तकात बसत नाहीत. चार वर्षं झाली, काही झालं नाही.

पिस्टनराव

पेट्या भरलेल्या असताना ठीक आहे, मान्य. पेट्या उतरवल्यावर मागच्या सीटवर स्वतः बसून बघा एकदा.

गंगापूररोडची

मी नाशिकची, गाडी आय१०, रोजचं शाळा-बँक-भाजी आणि महिन्यातून दोनदा कसारा घाटातून ठाणे. माझा अनुभव ऐका कारण पैसे मी भरलेत. दोन वर्षांपूर्वी चारही शॉकअप, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), सगळं नवीन केलं, एका बऱ्यापैकी मोठ्या गॅरेजमध्ये. गाडी पहिल्या दिवसापासून दगड. म्हणाले नवीन आहे, सेट होईल. आठ महिन्यांत लोअर आर्मचे बुश फाटले. दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली तर त्याने सांगितलं की बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर असताना, चाकं लोंबकळत असतानाच टाइट केले होते, त्यामुळे गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं. तेव्हापासून मी गॅरेजमध्ये उभी राहते आणि विचारते, "बोल्ट गाडी जमिनीवर आल्यावर आवळणार ना?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते पोरगं माझ्याकडे असं बघत होतं जणू मी त्याला स्वयंपाक शिकवतेय.

मिस्त्री_शिरोली

ताई एक नंबर बोललात. शंभरातली ऐंशी गॅरेजं हीच चूक करत्यात. गाडी चाकावर उभी करायची, दोनदा हलवून बसवायची, मगच शेवटचा पाना.

बर्फाळ_बंड्या

न्यू जर्सीहून लिहितोय. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ मारतात त्यामुळे बोल्ट निम्मे गंजलेलेच असतात, मी आदल्या रात्री तेल मारून ठेवतो तरी एक तरी तुटतोच. पण इकडे एक सुख आहे, पुढची अख्खी असेंब्ली मिळते, स्प्रिंग, माउंट (शॉकअपला वरून गाडीला धरणारा भाग), शॉकअप सगळं जोडलेलं, मनरो केवायबी दोघांचंही. जुनं काढा नवीन लावा, स्प्रिंग कंप्रेसरला हात लावायची गरज नाही. तिकडे मिळतं का असं काही? दाबलेल्या स्प्रिंगची मला मनापासून भीती वाटते, ती सुटली तर दात मोजायला बसावं लागेल.

पोलोवाला

इकडे रोजच्या गाड्यांना सहसा सुट्टंच घ्यावं लागतं बंड्याभाऊ. शॉकअप नागडा येतो डब्यात. माउंट वेगळं, बेअरिंग वेगळं, बंप स्टॉप वेगळा, धुळीचं बूट वेगळं, आणि गॅरेजवाला जुनंच रबर पुसून परत लावतो.

धायरीकर

अपडेट. सगळं केलं सांगितल्याप्रमाणे.

हवा स्टिकरप्रमाणे आणली. खरं सांगतो निम्मा त्रास तिथेच गेला, बारीक खड्ड्यांवर स्टिअरिंगला जी झिणझिण यायची ती कमी झाली. होडी तशीच. धाडकन तसंच.

टायरवरून हात फिरवला, पुढच्या डाव्याला आतल्या बाजूने खरंच लाटा आहेत, इतके दिवस मी तो आवाज व्हील बेअरिंगचा समजत होतो.

आवाजाचं: सोसायटीच्या गेटच्या स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम घेतली, शांत. मग एकच डावं चाक कडेवरून घेतलं, खट-खट. म्हणजे काका लिंक रॉड.

आणि एक नवीनच सापडलं. बायकोला गाडीत बसवून स्टिअरिंग फिरवायला लावलं आणि मी डाव्या चाकाच्या वर स्प्रिंगवर बाहेरून तळहात टेकवला (वेटोळ्यात बोटं घातली नाहीत, तेवढी अक्कल आहे). अर्धं फिरेपर्यंत काही नाही, मग स्प्रिंग अडकून एकदम टण्ण करून सुटते, हाताला झटका बसतो. उजवीकडे असं होत नाही. हे काय आहे? बायको म्हणतेय पुढच्या वेळी हात तू आत घाल आणि विमा आधी दाखव.

उंचीपण मोजली, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत, डाव्या-उजव्यात दोन-तीन मिमीचा फरक, पुढे आणि मागेही.

मिस्त्री_शिरोली

टण्ण म्हंजी वरच्या माउंटचं बेअरिंग जाम. स्प्रिंग स्टिअरिंगबरोबर फिरायला पायजे, ती अडकती आनि मग सुटती. दोन्ही बाजूचं बदला, उजवं बी जाणारच हाय.

उंची सारखी हाय म्हंजी स्प्रिंग ठीक. फक्त खालचं शेवटचं वेटोळं टॉर्चनं बघा, कोकणात जाणारी गाडी हाय, तिथं पाणी-माती साचून गंजतं आनि एक दिवस टोक तुटून टायरला लागतं. गंज वरवरचा असंल तर चालतंय.

रिपेअर शॉकअपचं बोलतो कारण मी सवता केलेत, १५-२० वर्षांमागं, लपवत न्हाई. भोक पाडायचं, काळं तेल काढायचं, जरा जाड तेल भरायचं, भोक वेल्डिंगनं बंद करायचं, काळा रंग मारायचा. गिऱ्हाईक खूश, महिनाभर गाडी कडक. आतली वॉशर, व्हॉल्व्ह झिजलेलं तसंच, ग्यास तर भोक पाडतानाच गेला. आता न्हाई करत. ८०० रुपयाला तुम्हाला रंग मिळणार हाय.

धायरीकर

मग कुठले घेऊ ते सांगा ना आता. आणि चार की दोन?

पिस्टनराव

चार. म्हणजे जोडीने तर हवेतच, एक बाजू नवी एक जुनी कधीच नाही, आणि तुमच्या केसमध्ये मागचेही तेवढेच किमी चाललेत. फक्त पुढचे टाकले तर पुढची धरते आणि मागची हेलकावे खाते, घाटात ते जास्त वाईट, आणि मागच्याच सीटवर तुमची आई बसते. शिवाय मागचे शॉकअप स्प्रिंगपासून वेगळे आहेत, मजुरी फारशी नाही.

कुठले? मी कुणाची जाहिरात करणार नाही पण एवढं सांगतो, रोजच्या गाडीला ओरिजनलच्या सेटिंगचे ट्विन-ट्यूब (नळीत नळी) गॅसवाले घ्या, डब्यावर नाव कुणाचं यापेक्षा पार्ट नंबर तुमच्या गाडीचा आहे का हे महत्त्वाचं. गॅब्रिएल मारुतीला कारखान्यातही माल देतं, म्हणून त्यांच्या सुट्ट्या मालाला निदान त्या सेटिंगची ओळख आहे. मनरो, केवायबी चांगलेच, केवायबीचे काही मॉडेल जरा आवळ वाटतात, माझं मत.

बिलस्टीनचं असं आहे की बी४ हा ओरिजनलच्या जागी बसणारा, बी६ मोनोट्यूब, त्यात एकच नळी आणि आत गॅस २०-३० बारच्या दाबाने. तेलाला फेस येत नाही, जोरात चालवणाऱ्याला मस्त. पण त्यात पिस्टन थेट बाहेरच्याच नळीत फिरतो, एखादा दगड उडून नळीला पोचा पडला तर पिस्टन तिथे अडकतो. ट्विन-ट्यूबला बाहेरची नळी फक्त तेलाची टाकी, पोचा सहसा चालून जातो. कुंभार्लीत पावसाळ्यात दगड किती असतात ते तुम्हीच सांगा. आणि किंमत बघता तुमच्या बजेटात दोनच येतील.

१६ च्या टायरबद्दल: तुमच्या व्हीडीआयला १६५/८० आर१४ आहे, म्हणजे टायरची भिंत १३२ मिमी. १९५/५५ आर१६ केलं की १०७. चाकाची एकूण उंची दोन्हीकडे ६२० मिमीच्या आसपास, त्यामुळे दुकानदार म्हणेल काही फरक नाही. फरक एवढाच की मोशीच्या खड्ड्याआधी तुमच्याकडे जे २५ मिमी जास्तीचं रबर होतं ते गेलं.

पोलोवाला

ठीक आहे, यांच्या वापराला नाही बसत, मानलं. पण गाडी चालवायची मजा म्हणून काही असतं की नाही राव.

पिस्टनराव

असतं की. पण मजा ड्रायव्हरला येते, उलटी मागच्या सीटवर येते.

अवांतर: यात सस्पेन्शनचा दोष निम्माच. स्पीडब्रेकरचा नियम होता, इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या आयआरसी ९९ मध्ये, ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंमी उंच, १७ मीटरच्या गोलाईचा. म्हणजे अख्खी गाडी हळूच चढून उतरेल असा. आमच्या सोसायटीने सिमेंटची पोती उरली म्हणून जे केलंय ते भिंत आहे, स्पीडब्रेकर नव्हे.

कायदेकानू

लोअरिंग स्प्रिंग, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) वगैरे विचार करणाऱ्यांसाठी एक ओळ: मोटार वाहन कायदा कलम ५२, नोंदणीतले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल चालत नाही. विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअरने ते बघितलं तर वाद घालत बसावं लागेल. त्याच मापाचा त्याच जातीचा पार्ट बदलणं ही दुरुस्ती, त्याला काही नाही.

गंगापूररोडची

धायरीकर, पार्ट स्वतः घेऊन जा आणि डबा गॅरेजमध्ये नाही, दुकानातच उघडून बघा. मला एकदा डबा नवीन आणि आतला माल कुणीतरी लावून काढलेला, रॉडवर पान्याचे ओरखडे. रॉड आरशासारखा पाहिजे, जरा जरी चरा असेल तरी सील खातो.

मिस्त्री_शिरोली

आनि लावायच्या आधी शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-ओढा. दुकानात महिनोनमहिने आडवा पडलेला असतोय, ग्यास-तेल इकडचं तिकडं झालेलं असतंय. पहिल्या दोन दाबाला पोकळ लागंल, मग भरल्यासारखा जड लागतो. तसा न दाबता तसाच ठोकला तर पहिल्याच दिवशी खडखड करतो आनि लोक म्हणत्यात माल खराब.

वरचा मधला नट एअर गननं मारू देऊ नका, आतला रॉड गरागरा फिरतो आनि सील जातं. हातानं, रॉडचं टोक ॲलन कीनं धरून.

धायरीकर

ठरलं. चारही गॅब्रिएल, माउंट-बेअरिंग, बंप स्टॉप-बूट चारही, लिंक रॉड, बॅलन्सर बुश, आणि लोअर आर्मपण दोन्ही अख्खे, कारण टॉर्चने बघितलं तर मागचा बुश अर्धा सुटलाय. ब्रेक मारल्यावर येणारा ठक् तोच असणार. रविवारी काम.

धायरीकर

मंडळी रविवारचा किस्सा.

शनिवारी संध्याकाळी पेठेतल्या दुकानातून माल आणला, घाईत, दुकान बंद होत होतं, ताईंचं ऐकून डबे उघडून रॉड बघितले, चकाचक. रविवारी सकाळी नऊला धायरीतल्या मिस्त्रींकडे. त्यांनी डावा शॉकअप काढला, नवा उभा धरून दाबला (मी काही न सांगता! तिथेच माझा विश्वास बसला), कंप्रेसरने स्प्रिंग आवळली, माउंट बसवलं, डावी बाजू साडेदहाला तयार. मग उजवी. उजवा शॉकअप हातात घेऊन मिस्त्री दोन मिनिटं नुसतेच बघत उभे. म्हणाले, "साहेब, हा पण डावाच आहे."

दोन्ही डब्यांत डावेच. ब्रेकच्या पाइपाचा क्लिप आणि लिंक रॉडचा कान उलट्या बाजूला. मला माहितीच नव्हतं की पुढचे डावे-उजवे वेगळे असतात, मी चारचे चार रॉड बघितले, बाजू कुठे बघतोय. रविवार, दुकान बंद. गाडी तीन चाकांवर आणि एका स्टँडवर. सोमवारी रजा टाकली, बॉसला सांगितलं गाडी बसलीय, जे खोटं नव्हतं. दुकानदाराने बदलून दिला पण वर मलाच म्हणाला "बघून न्यायचं ना".

जुने काढल्यावर जे दिसलं ते सांगतो. डाव्या शॉकअपचा रॉड दाबला तर माझ्या एका बोटाने आत गेला आणि आतच राहिला, परत वर यायचं नाव नाही. बंप स्टॉप म्हणून जे होतं ते मिस्त्रींनी बुटातून ओंजळीत ओतलं, चिवड्यासारखं. बेअरिंगमध्ये लाल माती घट्ट, कोकणातलीच ती.

बिल लिहून ठेवतो, कुणाला उपयोग होईल, माझे भाव आहेत, तुमच्याकडे कमी-जास्त असतील: चार शॉकअप ८,२००, माउंट-बेअरिंग १,९००, बंप स्टॉप आणि बूट १,५००, लिंक रॉड १,३००, बुश ३००, लोअर आर्म जोडी ४,२००, मजुरी ३,५००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग ९००. झाले २१,८००. बोल्ट गाडी खाली उतरवूनच आवळले, मी समोर उभा होतो. गंगापूररोडच्या ताई, माझ्याकडेपण तसंच बघितलं गेलं.

पोलोवाला

"गाडी बसलीय" 😂

बर्फाळ_बंड्या

म्हणून म्हणतो, अख्खी असेंब्ली. अर्थात मीसुद्धा एकदा दोन उजव्या आणल्यात, पण ते बायकोला अजून माहिती नाही.

रत्नांग्रीकर

लाल मातीला नावं ठेवू नका.

पिस्टनराव

छान झालं. लाटा पडलेला पुढचा टायर मागे टाकलात की नाही? तो आवाज शॉकअप बदलून जात नाही, टायर झिजेपर्यंत करत राहणार, नाहीतर चार दिवसांनी इथे याल "नवीन शॉकअप टाकून पण घुं-घुं येतो" म्हणून. आणि हजार एक किमीनंतर अलाइनमेंट परत तपासा, रबरं जरा बसतात. चाकाच्या बाजूचे ते दोन बोल्ट सोडलेत म्हणजे कँबरही (समोरून दिसणारा चाकाचा कल) हललेला असू शकतो, नुसतं टो (वरून दिसणारा चाकाचा आत-बाहेर कोन) बघून पावती देतात, प्रिंट मागा.

धायरीकर

टायर मागे टाकला, घुं-घुं आता मागून येतो, पोरं म्हणतात बाबा मागे कोणीतरी गुणगुणतंय.

काल गावाहून आलो म्हणून शेवटचं लिहितो. जाताना उंब्रज सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो तेव्हाच फरक कळत होता, खड्डा कळतो पण एकदाच कळतो, आधी तो तीनदा सांगायचा. पहिले दोनशे-तीनशे किमी गाडी जरा ताठ वाटली, मला वाटलं चुकलं की काय, पण मग लक्षात आलं की इतकी वर्षं मला मेलेल्या शॉकअपचीच सवय झाली होती. हेळवाकला चहाला थांबलो, आई नेहमीप्रमाणे गोळी घेते का विचारलं तर म्हणाली नंतर बघू. घाट उतरून पोफळीला आलो तरी झोपलेली. उठल्यावर बाहेर बघत म्हणते, "रस्ता नवा केला वाटतं."

मी काही बोललो नाही. २१,८०० चा आकडा तिला सांगायचा नाहीये.

येताना पाटणपासून मागून दुडुमदुडुम आवाज, माझ्या पोटात गोळा, आताच तर सगळं केलं. कराडला थांबून डिकी उघडली, पोतं सुटून चाळीस नारळ मोकळे.

मिस्त्री_शिरोली

दोन नारळ हिकडं पाठवा, फी समजून.

खडकीचा_राजा

मस्त धागा, वाखुसा (वाचनखूण साठवली). माझी २०१६ वॅगनआर आहे, ७० हजार झालेत, पुढून खटखट आवाज येतोय. कुठले शॉकअप घालू? गॅरेजवाला म्हणतो चारही गेलेत.

मिस्त्री_शिरोली

टायरमधी हवा किती मारता?